जोधपूरची हवा, गुहागरचं नाक

पत्र : आम्ही गुहागरचे. मिस्टरांची बदली जोधपूरला झाली, त्याला आता दुसरं वर्ष. गावी पावसाळ्यात मला दम लागायचा. भिंतींना ओल, कपाटात बुरशी. सगळे म्हणाले, राजस्थानची कोरडी हवा तुला मानवेल. पहिलं वर्ष खरंच बरं गेलं. यंदा मात्र होळीच्या आधीपासून सकाळी उठल्या उठल्या शिंका, नाकातून धार, डोळे चोळून चोळून लाल. दुपारी तेच नाक आतून कोरडं ठणठणीत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. हातावर नख ओढलं तर पांढरी रेघ उठते. सात वर्षांच्या लेकीचा घोळणा आठवड्यातून दोन-तीनदा फुटतो. मेडिकलमधून रोज एक सर्दीची गोळी आणि नाकात घालायचे थेंब आणते. थेंबांनी तासभर बरं वाटतं, पुन्हा नाक चोंदतं. सासूबाईंनी दही, ताक, केळी बंद केली आहेत. त्या म्हणतात, इथलं हवापाणी आपल्याला मानवणारं नाही, लेकीला गुहागरला शाळेत घालू. कूलर लावावा की नाही, यावरूनही घरात दोन तट पडलेत. काय करू?
— गुहागरची माहेरवाशीण, मुक्काम जोधपूर

प्रिय ताई,

तुम्हाला एक नाही, दोन दुखणी आहेत. एक ॲलर्जीचं आणि दुसरं निव्वळ कोरडेपणाचं. दोन्ही एकाच नाकात, एकाच डोळ्यात आल्यामुळे ती एकच वाटतात आणि मग दोन्हींवर एकच गोळी घेतली जाते. तिथेच सगळं बिघडतं, कारण ॲलर्जीवरची ती गोळी कोरडेपणा वाढवते. म्हणून आधी कुठली तक्रार कशाची, ते वेगळं करू या.

खाज ही ॲलर्जीची खूण. नाकात, टाळूला, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात खाज, एकापाठोपाठ एक शिंका, पाण्यासारखं पातळ नाक गळणं, आणि हे सगळं सकाळी जास्त. कोरडेपणात खाजेपेक्षा जळजळ आणि कचकच असते. नाकात खपल्या धरतात, त्या काढल्या की रक्ताचा ठिपका दिसतो, घसा सुकतो, डोळ्यांत खडा रुतल्यासारखं होतं. कोरड्या डोळ्यांतून पाणीही येतं, त्यामुळे पाणी आलं म्हणजे ॲलर्जीच असं धरून चालू नका. तुमचं सकाळचं दुखणं ॲलर्जीचं दिसतं, दुपारचं कोरडेपणाचं. लेकीचं मात्र, तुम्ही लिहिलंय त्यावरून, मुख्यतः कोरडेपणाचंच. तिला शिंका येतात का, ती नाक वर चोळते का, हे चार दिवस लक्ष देऊन बघा.

आता हे असं का झालं ते सांगते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जोधपूरला चारशेच्याही आत. एप्रिल-मेच्या दुपारी तिथल्या हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. आपण दिवसाला साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो आणि ती सगळी ओली व कोमट करून फुप्फुसात पाठवायचं काम नाक करतं. नाकाच्या आत चिकट द्रवाचा पातळ थर असतो. त्यात धूळ, पराग अडकतात आणि खालचे सूक्ष्म केस तो थर हळूहळू घशाकडे ढकलत नेतात. हवा फार कोरडी झाली की हा थर घट्ट होतो, केसांना तो हलवता येत नाही. मग धूळही तिथेच आणि परागही तिथेच. म्हणजे कोरडेपणा ॲलर्जीला हातभार लावतो. यासाठीच मी सगळ्यांना आधी नाक ओलं ठेवायला सांगते, गोळीचं नंतर बघू.

पहिलं वर्ष चांगलं गेलं याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय, पण ते अगदी नेहमीचं आहे. नव्या गावच्या परागांची ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नसते. शरीराची त्यांच्याशी गाठ पडते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात, आणि एखाद-दोन हंगाम गेल्यावर शिंका सुरू होतात. ‘एव्हाना सवय व्हायला हवी होती’ असं कुणी म्हणालं तर सोडून द्या, इथे उलटंच घडतं. पहिल्या वर्षीचा आराम मात्र खरा होता. गुहागरला तुम्हाला पावसाळ्यात दम लागायचा त्यामागे बहुधा बुरशी आणि गाद्या-उशांतले धुळीचे किडे होते. हे डोळ्यांना न दिसणारे किडे हवेत ओल असेल तरच जगतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की त्यांचं काही चालत नाही. जोधपूरने तुमचा जुना शत्रू दूर केला आणि वर्षभराने नवा समोर उभा केला.

तो नवा शत्रू कोण, हे चाचणी केल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण संशयित सांगते. पहिली वेडी बाभूळ; मारवाडात तिला विलायती किंवा अंग्रेजी बबूल म्हणतात. ही मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. वाळवंट हिरवं करायच्या हेतूने लावली गेली, १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला शाही झाडाचा मान दिला, आणि आता ती रस्त्याकडेला, ओढ्यात, रिकाम्या प्लॉटवर सगळीकडे आहे. पिवळसर, बोटाएवढे लांब तुरे येतात. त्यातला पराग पश्चिम राजस्थानातल्या ॲलर्जीच्या रुग्णांत वारंवार सापडतो. फुलोरा वर्षातून दोनदा येतो, होळीच्या आसपास आणि पुन्हा पावसाळ्याच्या शेवटी. दुसरा अर्डू, म्हणजे आपला महारुख, तिकडे सावलीसाठी भरपूर लावलेला. तिसरी वावळ. एप्रिलमध्ये रस्त्यावर कागदासारख्या पातळ, गोल, मधे बी असलेल्या चकत्या उडताना दिसल्या तर जवळपास वावळ आहे असं समजा. तिचा पराग त्याच्या आधीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये उडून गेलेला असतो. पावसानंतर ऑगस्ट ते ऑक्टोबर गवतांचा हंगाम. त्यामुळे होळीला सुरू झालेलं दुखणं मे-जूनमध्ये थांबलं आणि सप्टेंबरात परत आलं, तर बिचकू नका. वहीत तारखा लिहून ठेवा, डॉक्टरांना तुमच्या त्या वहीचा फार उपयोग होतो.

बोरानाड्यासारख्या फर्निचर कारखान्यांच्या भागात किंवा दगड कापणाऱ्यांच्या जवळ राहत असाल तर लाकडाचा भुसा आणि दगडाची भुकटी हे निराळं प्रकरण आहे. दगडाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, तो ॲलर्जी नाही आणि बराही होत नाही; त्या कामगारांसाठी राजस्थान सरकारला २०१९ मध्ये स्वतंत्र धोरण आणावं लागलं. तुमच्या गल्लीत कटिंग चालत असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा, आणि तिथे काम करणाऱ्या माणसांशी बोलायची वेळ आली तर त्यांना ओलं कटिंग (पाणी सोडत कापणं) आणि चांगला मास्क याबद्दल जरूर सांगा.

आता तुमच्या गोळीकडे वळते. मेडिकलमध्ये ‘सर्दीची गोळी’ म्हणून जी मिळते तिच्यात बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन असतं, जोडीला नाक मोकळं करणारं एक औषध आणि पॅरासिटामॉल. क्लोरफेनिरामिन शिंका थांबवतं आणि त्याबरोबर तोंड, नाक, डोळे सगळं सुकवतं, झोपही आणतं. तुमचं दुपारचं कोरडं ठणठणीत नाक आणि डोळ्यांतली वाळू यातला बराचसा वाटा या गोळीचा असणार. ती बंद करा. ॲलर्जीसाठी गोळी लागलीच तर सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नंतरच्या पिढीतली औषधं आहेत, ती कमी सुकवतात; तुमच्यासाठी कुठली ते डॉक्टरांना ठरवू द्या. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, त्याचा असर कमी होतो.

थेंबांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन, फार तर पाच दिवस घालायचे असतात. त्याहून जास्त दिवस घातले की थेंब उतरल्यावर नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं, माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि चक्र सुरू होतं. ‘तासभर बरं वाटतं, पुन्हा चोंदतं’ हे तुमचं वाक्य त्याच चक्राचं आहे. एकदम सोडायला जमत नसेल तर आधी एका नाकपुडीत थांबवा, ती मोकळी राहू लागली की दुसरीत. आठवडाभर जड जाईल.

याच्या जागी काय? मिठाचं पाणी आणि, डॉक्टरांनी दिला तर, स्टिरॉइडचा नाकातला फवारा. मिठाच्या पाण्याने नाक धुणं आपल्याकडे जलनेती म्हणून ओळखीचं आहे. पाव लिटर पाण्याला अर्ध्या चहाच्या चमच्याहून किंचित कमी मीठ, शक्यतो आयोडीन नसलेलं, आणि चिमूटभर खायचा सोडा. पाणी खळखळून उकळून कोमट केलेलं हवं, हे मी ठासून सांगते. नळाचं, टाकीचं, टँकरचं किंवा आरओचं पाणी थेट नाकात घालू नका. त्यात एक अमीबा असू शकतो, तो पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकावाटे मेंदूत पोहोचला तर जीव घेतो. असं क्वचित होतं, पण पाणी उकळायला पाच मिनिटं लागतात. बाहेरून आलात, किंवा संध्याकाळी, दिवसातून एकदा पुरे. लेकीला धुण्यापेक्षा मिठाच्या पाण्याचा तयार फवारा सोपा पडेल, दिवसातून तीन-चारदा.

स्टिरॉइडच्या फवाऱ्याला लोक घाबरतात. फ्लुटिकासोन, मोमेटासोनसारखे फवारे नाकापुरते काम करतात, शरीरात अगदी थोडे जातात, आणि ॲलर्जीच्या नाकावर गोळीपेक्षा जास्त गुणकारी आहेत. गुण यायला मात्र एक-दोन आठवडे लागतात, म्हणून दोन दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या वर्षी होळीची वाट न बघता जानेवारीच्या शेवटीच सुरू करा. मारायची पद्धत महत्त्वाची आहे. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, नळीचं टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर पडदा सुकतो आणि रक्त येतं.

लेकीचा घोळणा फुटतो तेव्हा तिला कांदा हुंगवून, डोक्यावर पाणी मारून, मान मागे करून झोपवत असाल. घरोघरी हेच करतात. मान मागे केली की रक्त घशात उतरतं, पोर घाबरते, उलटी करते. तिला बसवा, पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, दोन बोटांनी घट्ट दाबा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं दाबून धरा. मधे सोडून ‘थांबलं का’ बघायचं नाही. तोंडाने श्वास घेऊ द्या, तोंडात आलेलं रक्त थुंकू द्या. दोनदा दाबूनही थांबलं नाही तर दवाखाना गाठा. एरवी झोपताना नाकपुडीच्या तोंडाशी करंगळीच्या टोकाने व्हॅसलिनचा पुसट हात द्या. तूप चालेल, पण तेही तोंडाशीच. नाकात तेलातुपाचे थेंब ओतू नका. ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनियासारखा त्रास होतो, लहान मुलांत तर हमखास टाळायला हवं. नखं बारीक कापा, कारण झोपेत ती खपल्या उकरत असणार. अंगावर आपोआप काळेनिळे डाग उठत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, किंवा घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास असेल, तर रक्ततपासणी करून घ्या. एरवी या वयात, या हवेत, पडद्याच्या पुढच्या भागातली नाजूक नस सुकून फुटते, त्यात काळजीचं कारण नाही.

डोळ्यांसाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब आणा. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. खाज सुटली की गार पाण्याची पट्टी ठेवा, चोळू नका. वर्षानुवर्षं चोळल्याने बुबुळाचा आकार बिघडलेली तरुण मुलं आम्ही पाहतो. डोळ्यात गुलाबपाणी नको, सुरमा नको. आणि मेडिकलवाल्याने ‘लगेच लाली जाईल’ म्हणून दिलेले स्टिरॉइडचे थेंब डॉक्टरांशिवाय मुळीच नको. नाकाचा फवारा आणि हे थेंब यांची गल्लत करू नका, डोळ्यातल्या स्टिरॉइडने काचबिंदू होतो आणि नजर गेल्यावरच कळतो.

त्वचेचं काम सोपं आहे. कोमट पाण्याची आटोपशीर आंघोळ, साबण काखा-जांघा-पावलांपुरता, उटणं आणि घासणं बंद. अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत तेल किंवा जाड क्रीम लावा. तुमच्या घरचं खोबरेल इथेही उत्तम, फक्त कोरड्या अंगाला दुपारी चोळण्यापेक्षा ओल्या अंगाला लावलं तर आतलं पाणी धरून ठेवतं. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा राप अंगावर राहतो, शेवटचे दोन तांबे साध्या पिण्याच्या पाण्याचे घ्या. पाणी भरपूर पिऊन त्वचा आणि नाक ओलं होतं, ही समजूत मात्र सोडा. उन्हाळ्यात पाणी लागतंच, लघवी फिकट पिवळी राहील इतकं प्या, पण पाच-पाच लिटर पिऊन भेगा भरत नाहीत.

आणि त्या पाण्याबरोबर ताक परत सुरू करा! दही, ताक, केळी यांनी तुमच्या शिंका येत नाहीत. मारवाडी माणूस उन्हाळाभर छाछ आणि राबडीवर (गोड रबडी नव्हे, ताकात शिजवलेली बाजरीची पेज) राहतो, त्यात शहाणपण आहे. सासूबाईंना सांगा, एका डॉक्टरबाईंनी परवानगी दिली आहे. ‘दोनशे पदार्थांची ॲलर्जी एका रक्ततपासणीत’ अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. चाचणी करायचीच तर हातावर थेंब टाकून टोचण्याची करा, तिथल्या झाडांच्या परागांची. तिच्याआधी आठवडाभर ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, हे आधीच विचारून घ्या.

कूलरच्या भांडणात दोन्ही तट बरोबर आहेत. डेझर्ट कूलर मे महिन्यात खोली गारही करतो, ओलीही, आणि त्या हवेला ते हवंच असतं. पण तो बाहेरची हवा ओढतो, म्हणजे परागांच्या दिवसांत बाभळीच्या बाजूच्या खिडकीत लावलेला कूलर पराग खोलीत आणतो. माझं मत असं : फुलोऱ्याचे दिवस संपेपर्यंत पंखा किंवा एसी, मे-जूनमध्ये कूलर, आणि पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर बंद, कारण तेव्हा तो गार करत नाही, फक्त बुरशी वाढवतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या हंगामाच्या सुरुवातीला बदला. कुबट वास आला तर हंगाम संपायची वाट बघू नका. टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासून कोरडी करा, डेंग्यूचे डास तिथेच होतात. कूलर चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोली गुहागर होते. दोन-चारशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, ते झोपायच्या खोलीत लावा आणि काटा ४० ते ५० च्या मधे ठेवा. हिवाळ्यात, किंवा एसीच्या रात्री, पिळलेला टॉवेल खोलीत वाळत घातला तरी फरक पडतो. पन्नासच्या वर गेलात तर तुमचे जुने धुळीचे किडे परत येतील, आणि तुम्हाला दम्याचा पूर्वेतिहास आहे.

घरात कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. आंधीच्या दिवशी कपडे आत वाळवा, केस रात्री धुऊन झोपा. बाहेर पडताना तिथल्या बायकांसारखी ओढणी नाकातोंडावरून घ्या. ती नुसती लाजेसाठी नसते, त्या धुळीत ती फार कामाची आहे.

आपले बरेच वाचक अमेरिकेतल्या वाळवंटी ॲरिझोनात आहेत, त्यांनाही हे लागू पडतं. दम्याच्या रोग्यांना कोरड्या हवेसाठी तिकडे पाठवायची एकेकाळी रीतच होती. त्या लोकांनी तिथे आपापल्या आवडीची तुती, ऑलिव्हची झाडं आणि हिरवळ लावली, आणि तिथल्या टूसॉन शहराच्या परिसरात परागांचा इतका त्रास झाला की १९८० च्या दशकात तुती आणि ऑलिव्हच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. तिथे खोकला, ताप आणि थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल तर ॲलर्जी म्हणून बसू नका, मातीतल्या बुरशीमुळे होणाऱ्या व्हॅली फीव्हरची रक्ततपासणी मागा. जोधपुरात खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकीची क्षयासाठी तपासणी करा.

राहता राहिला लेकीला गुहागरला ठेवायचा प्रश्न. नको. घोळणा फुटतो एवढ्यासाठी सात वर्षांच्या मुलीला आईपासून लांब ठेवायचं काही कारण नाही. वर लिहिलेलं नीट केलंत तर महिनाभरात फरक दिसायला हवा. तुमच्या स्वतःच्या बाबतीत मात्र छातीवर नजर ठेवा. रात्री खोकल्याने जाग येणं, छातीत शिट्टी वाजणं, जिना चढताना छाती आवळल्यासारखी होणं, यातलं काहीही झालं तर नाकाची औषधं पुरणार नाहीत. त्याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना किंवा एम्समध्ये दाखवा आणि इनहेलर सांगितला तर घ्या. मे महिन्यात सुट्टीला गावी जाल तेव्हा कुठली तक्रार किती दिवसांत गेली ते त्याच वहीत लिहा. कोरडेपणा दोन-चार दिवसांतच पळेल, शिंका तिथेही राहिल्या तर कारण बाभळीत नाही, घरातल्या गादीत शोधायचं. औषधं वेळेवर घेऊन एक अख्खं वर्ष, दोन्ही फुलोऱ्यांसकट, गेलं आणि तरी दमा आटोक्यात आला नाही, तर मिस्टरांना बदलीचा अर्ज करू द्या. तेव्हा मला पुन्हा लिहा, चाचणीचा कागद सोबत जोडा.